अर्धा युरिया जातो कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेती आणि पर्यावरण यावर पेपरात काहीही छापून आलं की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते रसायनांनी जमिनीचं वाटोळं केलं, सगळं सेंद्रिय करा. दुसरी म्हणते मग खायचं काय, हवा? मी दोघांचंही वाचतो आणि दर वेळी वाटतं, अहो पण टाकलेल्या खतातलं पिकाच्या पोटात किती जातं ते तरी विचारा की कुणीतरी.

दुसऱ्या पार्टीचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबरनं 1909 मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून, म्हणजे नत्रापासून, अमोनिया करून दाखवला, ज्यापासून युरियासारखी खतं बनतात, त्याच्याच देशातल्या बॉशनं त्याचा कारखाना उभा केला, 1913 ला जर्मनीत तो चालू झाला आणि आज जगातली साधारण निम्मी माणसं त्या नत्रावर पिकलेलं खाऊन जगतायत. श्रीलंकेनं एप्रिल 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, भात घसरला, चहा घसरला, नोव्हेंबरात माघार घ्यावी लागली. त्यामुळे खत बंद करा म्हणणाऱ्यांनी जरा दमानं.

पण शेतात टाकलेल्या नत्रातलं जेमतेम निम्मंच पीक उचलतं. उरलेलं कुठे जातं? ओल्या तळहातावर युरियाचे चार दाणे घ्या, बघता बघता विरघळतात आणि हाताला गार लागतं. इतकी पटकन विरघळणारी वस्तू आपण फेकतो आणि वाट बघतो. मातीत न गाडता वरच्यावर पडून राहिला तर दोनचार दिवसांत त्यातला बराचसा अमोनिया होऊन हवेत जातो. जोराचा पाऊस झाला तर नायट्रेट, म्हणजे नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप, होऊन पाण्याबरोबर खाली विहिरीत नाहीतर ओढ्यात. आणि पाणी साचलेल्या मातीत जिवाणू त्यातल्या थोड्याचा नायट्रस ऑक्साइड करतात, हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवणारा आणि शंभरेक वर्षं हवेत टिकणारा. ओढ्यातनं नदी, नदीतनं समुद्र. अमेरिकेतली मिसिसिपी नदी तिथल्या मक्याच्या पट्ट्यातलं नत्र नेऊन मेक्सिकोच्या आखातात ओतते, तिथं शेवाळ माजतं, मरतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि दर उन्हाळ्यात तिथं मासे न फिरकणारा पट्टा तयार होतो.

मी पण असाच युरिया फेकायचो, कबूल आहे. शेजाऱ्याचा गहू जास्त काळपट हिरवा दिसला की एक हात जास्तच पडायचा. मग पानं लुसलुशीत, त्यावर मावा, आणि एका वाऱ्यात सगळं पीक जमिनीवर लोळलेलं! खताचे पैसे गेले ते गेलेच, वर काढणीच्या मजुरीचे वेगळे.

आणि सेंद्रियवाल्यांना पण एक सांगतो, शेणखतातलं नत्र काही संत नाही. नेदरलँडमध्ये जनावरांच्या शेणामुतातला अमोनिया इतका झाला की 2019 मध्ये कोर्टानं नत्र सोडणाऱ्या कामांना परवानगी द्यायची पद्धतच रद्द केली, त्यात बांधकामाची परमिटंही अडकली, आणि पुढे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले. शिवाय सेंद्रियचं उत्पादन सरासरी 20 ते 25 टक्के कमी भरतं, म्हणजे तेवढंच धान्य हवं तर जास्त जमीन नांगरा, ती जमीन कुठून, जंगलातूनच ना!

मला पटलेलं उदाहरण चीनचं आहे. तिथं 2005 ते 2015 या दहा वर्षांत सुमारे 2 कोटी लहान शेतकऱ्यांबरोबर संशोधक आणि शेतीखात्याची माणसं बसली, कुठल्या मातीला कधी किती खत एवढंच सांगत राहिली, उत्पादन साधारण 11 टक्के वाढलं आणि नत्र 15 ते 18 टक्के कमी लागलं. काही जादू नाही हो. भातासाठी तर नुसती हिरव्या छटांची प्लास्टिकची पट्टी येते, उन्हाकडे पाठ करून आपल्याच सावलीत पान धरायचं, छटेशी लावून बघायचं, फिकट दिसलं तरच डोस द्यायचा. त्याला ना इंटरनेट लागतं ना चार्जिंग. आता दहा वर्षं माणसं गावोगाव पाठवायला पैसा लागतो हे खरं, पण सरकारं खत स्वस्त करायला घालतात तो पण पैसाच असतो की.

तुमच्याबद्दल पण थोडी तक्रार आहे. खताचा खप वाढल्याची बातमी तुम्ही अर्थ पानावर छापता, जणू काही आनंदाचीच, आणि विहिरीत नायट्रेट सापडलं की ते पर्यावरणाच्या पानावर जातं. गोणी तीच असते हो. पुढच्या वेळी खपाचा आकडा छापाल तेव्हा शेजारी खताच्या किलोमागे धान्य किती वाढलं तेही छापा, आकडा मिळाला नाही तर मिळाला नाही असं छापा.

आपला,
एक नेहमीचा वाचक