गिझर बाथरूमबाहेर काढा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर बाथरूममधल्या गॅस गिझरबद्दल बोलताना तुम्ही म्हणालात, "गॅस सुटला तर वास येईलच की." सिलिंडरच्या गॅसला येतो, कारण त्यात वासाचं रसायन मुद्दाम घातलेलं असतं. मी म्हणतेय तो कार्बन मोनॉक्साइड. तो गळत नाही, गिझरच्या ज्योतीतच तयार होतो. दार-खिडकी बंद असली की ज्योतीला हवा कमी पडते, गॅस अर्धवट जळतो आणि हा वायू साठू लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग काही सुचेनासं होतं आणि कडी काढायचंही बळ राहत नाही.

आई, मागच्या थंडीत बाबांना अंघोळीनंतर गरगरायचं, ते बीपीमुळे असेलही. पण तेव्हा बाथरूमच्या झरोक्याला पुठ्ठा लावलेला होता, हे तू सांगितल्यापासून मला चैन नाही. आणि बोटाला लावायच्या त्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. त्याला हा वायू वेगळा ओळखता येत नाही, माणूस गुदमरत असतानाही तो चांगला आकडा दाखवतो.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळात दामनला केरळचे ८ पर्यटक खोलीत गॅस हीटर लावून झोपले. त्यांत ४ मुलं होती. आठही जण गेले.

इथे इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात बॉयलर असेल त्या खोलीत या वायूचा अलार्म बसवणं ऑक्टोबर २०२२ पासून घरमालकाला बंधनकारक आहे. तसाच एक मी दादाबरोबर पाठवतेय. पण वाफेने त्याचा सेन्सर बिघडतो, म्हणून तो बाथरूमच्या आत नको, बाहेर पॅसेजमध्ये लावायचा. म्हणजे आत अंघोळ करणाऱ्यासाठी तो उशिराच वाजणार. त्यामुळे खरं काम गिझर हलवण्याचं आहे. तो मागच्या उघड्या बाल्कनीत जाऊ दे, गरम पाण्याचा पाइप आत घेता येतो. किचनमधला गॅस लीकचा डिटेक्टर वेगळा, तो हा वायू ओळखत नाही. नव्या अलार्मच्या मागे मुदतीची तारीख असते, तीही बघून ठेवा.

प्लंबर येईपर्यंत दार सताड उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा आणि मगच अंघोळीला जा. पुठ्ठा आजच काढा. कुणालाही चक्कर आली तर आधी मोकळ्या हवेत या, आणि डॉक्टरांना घरात गॅस गिझर आहे हे आठवणीने सांगा.

प्लंबरशी दादा बोललाय, तो शनिवारी सकाळी येईल. बाबा, खर्चाचं माझ्यावर सोडा, याला नाही म्हणू नका.

तुमची,
चिऊ