सड्यावरची वाट आखावी, डांबरी करू नये: पर्यटन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: रत्नागिरी जिल्ह्यातील किनारी सड्यांवर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर) सायकलस्वारांसाठी कच्ची वाट आखून मिळण्याबाबत.

माननीय महोदय,

गेल्या डिसेंबरात आम्ही नऊ जण माउंटन बाइक घेऊन तवसाळहून निघालो आणि शास्त्री नदीची खाडी फेरीबोटीने ओलांडून, जयगड, गणपतीपुळे, भाट्ये, पूर्णगड, कशेळी असा किनारा धरत तिसऱ्या दिवशी विजयदुर्गाला पोहोचलो. भाट्यापर्यंतचा टप्पा डांबरी रस्त्याचा असल्याने त्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. आरे-वारेच्या चढावर दम लागला आणि उतारावर तो भरून निघाला, एवढेच.

मुचकुंदीची खाडी ओलांडल्यावर मात्र आम्ही मुद्दाम डांबर सोडले आणि गुरांच्या वाटांनी सड्यावर चढलो. जांभ्याचा सडा दुरून सपाट दिसतो, पण सायकलखाली तो तसा राहत नाही. वरची सुटी खडी टायरखाली ज्वारीच्या दाण्यांसारखी घरंगळते, मध्येच उघडा कातळ करवतीसारखा खडबडीत होतो, आणि वाट एखाद्या गडग्याशी, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाशी, येऊन अशी संपते की सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे उतरण्यावाचून उपाय नसतो. वाडीकडे जाणाऱ्या पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, तर आम्ही सायकली हाताने धरूनच उतरवल्या. तिथे बसून उतरण्याची हिंमत आमच्यातल्या एकानेच केली आणि कोपर सोलून घेतले. या सगळ्याविषयी आमची तक्रार नाही. आम्ही त्यासाठीच गेलो होतो.

हे पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. दुसऱ्या दिवशी भर दुपारी कशेळीच्या पुढे एका सड्यावरून आम्ही एकामागून एक जात असताना, गुरे राखणाऱ्या एका आजोबांनी हात उंचावून आम्हांला थांबवले. "चित्रावरनं गेलात," एवढेच ते म्हणाले. आम्हांला काहीच दिसत नव्हते. त्यांनी काठीच्या टोकाने हवेत रेषा दाखवली, तेव्हा कातळात कोरलेला माशासारखा आकार हळूहळू डोळ्यांना उमगू लागला, आणि आमच्यातल्या चौघांची चाके त्यावरून गेली होती हेही उमगले. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात कातळशिल्पाच्या उथळ रेषांना सावली पडत नाही, त्यामुळे माहिती नसलेल्या माणसाला त्या दिसणे जवळजवळ अशक्य असते. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्याच रेषा आपोआप वर येतात. तिथे ना फलक होता, ना दगडांची साधी ओळ.

महोदय, कोकणातील कातळशिल्पांची नऊ ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांपैकी कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण आणि उक्षी ही सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातली असून कुडोपी सिंधुदुर्गात व फणसामळ गोव्यात आहे. या नावाजलेल्या जागांकडे थोडेफार लक्ष तरी जाते, पण यादीबाहेरची शिल्पे गुरांच्या वाटांवर उघडी पडली आहेत आणि आमच्यासारखे हौशी लोक आता दरवर्षी अधिक संख्येने त्या वाटांवर येत आहेत.

म्हणून आमची मागणी एकच आहे. गावकऱ्यांना बरोबर घेऊन सड्यावर सायकलींसाठी आणि चालणाऱ्यांसाठी एक वाट आखून द्यावी, जी शिल्पांपासून आणि पावसाळ्यात पाणी साचून फुलणाऱ्या उथळ डबक्यांपासून लांबून जाईल. तिच्या कडेला जांभ्याचेच दगड रचावेत, वळणावर एखादा रंगवलेला चिरा (जांभ्याचा कापीव दगड) पुरेल. डांबर, पेव्हर ब्लॉक, लोखंडी कठडे, सेल्फीसाठीचे चौथरे यांतले काहीही नको. पर्यटनाच्या कामात निधी मंजूर झाला की तो सिमेंटमध्येच जिरतो, असा अनुभव असल्यामुळे हे आधीच लिहून ठेवत आहोत. रस्ता डांबरी झाला तर तिथे मोटारी येतील, आणि मग चार सायकलींच्या चाकांची चिंता करण्याचे कारणच उरणार नाही.

कठडा हवा तो एकाच ठिकाणी. सोडून दिलेल्या चिरेखाणी सड्याच्या पातळीवरून सरळ खाली उतरतात आणि गवत वाढले की काठ दिसत नाही. आमच्यातली पुढची सायकल अशा एका खाणीच्या काठापासून अवघ्या चार-पाच हातांवर थांबली. आमचे एक वेळ सोडा, पण तिथे रोज गुरे आणि शाळेतून परतणारी मुले असतात.

सडा महसुलाचा किंवा खाजगी मालकीचा, शिल्पे पुरातत्त्वाची, रस्ता बांधकामाचा, आणि पर्यटक तेवढे आपल्या खात्याचे, हे आम्ही जाणतो. तरीही हे पत्र आपल्याला लिहीत आहोत, कारण किनाऱ्यावर माणसे यावीत असे आवाहन आपलेच खाते करते. जाता जाता एक छोटी विनंती अशी की, रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचे पूल उभे राहिले तरी तवसाळ-जयगड आणि दाभोळ-धोपावे यांसारख्या फेरीबोटी बंद होऊ देऊ नयेत. भरधाव वाहनांच्या पुलावरून सायकल नेण्यापेक्षा त्या आम्हांला आणि बाजाराला जाणाऱ्या गावकऱ्यांनाही सोयीच्या आहेत.

आमच्या तिन्ही दिवसांच्या मार्गाची जीपीएस नोंद आमच्याकडे आहे. ती आम्ही जाहीरपणे कुठेही टाकलेली नाही, कारण ती जशीच्या तशी शिल्पावरून जाते. आपल्या कार्यालयाने मागितल्यास ती, खाणीच्या काठांच्या खुणांसह, लगेच पाठवू.

आपले विश्वासू,
पुण्याच्या नऊ सायकलस्वारांतर्फे