शिडी नीट लावा हो

संपादक साहेब, नमस्कार. इथे दांडिया बाजारात आमच्या शेजारी बांधकाम चाललंय, रोज बघते, बांबूची शिडी अगदी उभी टेकवलेली, खाली धरायला कोणी नाही आणि पोरगा एका हातात घमेलं घेऊन चढतोय, जीव नुसता वरखाली होतो. अहो साधा हिशोब आहे, 12 फुटांवर टेकवायची तर पाया भिंतीपासून 3 फूट लांब, आणि स्लॅबच्या वर 3 फूट शिडी निघालेली हवी म्हणजे उतरताना धरायला मिळतं. घमेलं दोरीने वर ओढा ना, दोन्ही हात शिडीलाच पाहिजेत. मुकादमाला सांगितलं तर म्हणे सवय आहे त्यांना! ठेकेदारांनी निदान शिडी वरून घट्ट बांधून तरी द्यावी.

– एक वाचक, बडोदा