साडेएकोणतीस इंचाचं दार

शहापूर, बेळगाव
वैशाख वद्य पंचमी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू माझ्यासाठी बघितलेल्या मोटारीवर चालणाऱ्या घडीच्या व्हीलचेअरचे फोटो बाबांनी मोठे करून दाखवले. दिसायला छान आहे. फोनवर मी काही बोलायला लागले की "आई, पैशाची काळजी करू नकोस" एवढं म्हणून तू फोन ठेवतोस, म्हणून लिहून पाठवते. पैशाचं काही नाही. ती खुर्ची मागवू नकोस एवढं सांगायचं आहे, आणि का ते नीट सांगायचं आहे.

तू ती का निवडलीस ते मला कळतं. २८ किलोची, घडी घालून डिकीत मावणारी. आईला गाडीत घालून पुण्याला आणायचं, छोटीच्या स्नेहसंमेलनाला न्यायचं, हे तुझ्या डोळ्यांसमोर आहे. पण बाळा, तुझ्या गाडीत मी वर्षाचे किती दिवस बसते? दिवाळीचे आठ, उन्हाळ्यातले चार. बाकीचे साडेतीनशे दिवस मी या सोप्यात, माजघरात, मागच्या बोळात नाहीतर गल्लीत असते. खुर्ची त्या दिवसांना पुरली पाहिजे. तुझ्या गाडीसाठी जुनी ढकलायची खुर्ची आहेच. तिची घडी होते, बारा दिवस तिच्यावर निघतात.

गेल्या पंधरवड्यात मी मोटारीच्या दोन खुर्च्या आपल्या घरात चालवून पाहिल्या. तुला आधी सांगितलं नाही, कारण तू "मी येईपर्यंत थांब" म्हणाला असतास. कोल्हापूरचा एक दुकानदार त्या टेम्पोत घालून घेऊन आला होता. शेजारच्या अक्का, त्यांची दोन्ही नातवंडं आणि निम्मी गल्ली बघायला जमली होती.

पहिली खुर्ची मागच्या चाकांवर चालणारी. बोळात ती सुरेख गेली, सरळ रेषेत, कुठं लचकली नाही. पण घरात? माजघराचं दार मी टेपनं मोजलंय, साडेएकोणतीस इंच. खुर्ची चोवीस इंच रुंद. कागदावर साडेपाच इंच उरतात. पण सोप्यातून त्या दारात सरळ शिरता येत नाही, वळून शिरावं लागतं, आणि मागच्या चाकांवरच्या खुर्चीचं तोंड वळताना लांबवर फिरतं. पाच वेळा पुढंमागं केलं तेव्हा आत गेले, आणि जाताना पायठेवणी फडताळावर आपटली. रोज सकाळी न्हाणीकडं जाताना असं पाच वेळा पुढंमागं करणं मला जमणार नाही.

दुसरीची मोटार मधल्या चाकांना होती. पुढं दोन लहान चाकं, मागं दोन, आणि मधे मोठी दोन, माझ्या बसण्याच्या बरोबर खाली. ती जात्यासारखी जागच्या जागी फिरते. माजघराच्या दारात एका दमात वळले. स्वयंपाकघरात ओट्याला पाठ करून फळीकडं वळले. बाबा दारात उभे राहून बघत होते, काही बोलले नाहीत, पण चहा त्यांनीच केला.

मग ती बाहेर काढली आणि तिचा दोष कळला. बोळाच्या मधोमध सांडपाण्याची पन्हाळी आडवी जाते ना, तिथं पुढची चाकं एका काठावर, मागची दुसऱ्या काठावर टेकली आणि मधली, जोराची चाकं, खळग्यात अधांतरी फिरत राहिली. दोघांनी उचलून काढलं. दुकानदार म्हणाला, "मग मागच्या चाकांचीच घ्या, बाहेर ती बरी." तो खोटं बोलत नव्हता. बाहेर ती बरीच. पण मी रात्रभर विचार केला. आपल्या घराच्या भिंती दोन हात जाडीच्या, आजोबांच्या वेळच्या, त्या सरकणार नाहीत. पन्हाळीवर मात्र चार फरश्या टाकून सपाट करता येतं. जे बदलता येत नाही त्याला जुळेल अशी खुर्ची घ्यायची आणि बदलता येतं ते बदलायचं, असं मी ठरवलं. पुढच्या चाकांवर चालणारीही एक तऱ्हा असते. ती अडथळा चांगला चढते, पण वळताना तिचा मागचा भाग झोकांडी खातो आणि मागचं आपल्याला दिसत नाही. ती मला नको.

तू म्हणशील, घडीची खुर्चीही वळतेच की. वळत असेल. पण तिची पुढची चाकं बघ, मुठीएवढी. आपल्या गल्लीतल्या गटारांवरच्या लोखंडी जाळीत असलं चाक अडकलं की बसलेला माणूस पुढं पडतो. आणि बैठक कापडी. कापड वर्षभरात झोळीसारखं खाली बसतं. माझा डावा पाय दीड इंच आखूड आणि कणा आधीच कललेला. झोळीत बसले की कंबर एका अंगाला घसरते आणि संध्याकाळपर्यंत पाठ बोलायला लागते. मला सपाट, घट्ट तळाची बैठक हवी, वर चांगली गादी, आणि कंबरेच्या दोन्ही बाजूंना बोट-बोट जागा. बैठकीची खोली अशी हवी की गुडघ्यामागं दोन बोटं सुटली पाहिजेत, नाहीतर कड मांडीच्या मागच्या शिरांवर रुतते. पायठेवणी वर उचलता आली पाहिजे, कारण मी कॅलिपरला, म्हणजे पायाच्या लोखंडी आधाराला, खीळ घालून उभी राहते तेव्हा पावलं खुर्चीच्या अगदी जवळ लागतात. हाताची टेकणीही मागं उलटणारी हवी, म्हणजे पलंगावर बाजूनं सरकता येईल. आणि जॉयस्टिक डाव्या हाताला. हे दुकानात आधीच सांगावं लागतं, कारण न सांगता ती उजवीकडं बसवून येते.

डाव्या का, ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. साठ वर्षं उजव्या काखेत कुबडी होती. तो खांदा झिजला. दोन वर्षांपासून चांगला पायही दगा द्यायला लागला तेव्हा मला वाटलं वय झालं. डॉक्टरांनी समजावलं की पोलिओत ज्या मज्जापेशी वाचल्या त्यांनी मेलेल्यांचं काम इतकी वर्षं ओढलं, आता त्या दमल्या आहेत. त्यांना हट्टानं राबवलं तर उरलंसुरलंही जातं. तू मला चालण्याचा व्यायाम वाढव म्हणतोस. प्रेमानं म्हणतोस, पण माझ्या बाबतीत ते खरं नाही. चालणं मला साठवून वापरायचं आहे, न्हाणीत चार पावलं आणि देवापुढं दोन.

१९९५ साली पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हा आमच्या शाळेतल्या बूथवर माझी ड्यूटी होती. लोक लेकरं घेऊन यायचे आणि माझ्या पायाकडं बघून गप्प रांगेत उभे राहायचे. तूही त्या रांगेत होतास, बाबांच्या कडेवर. या रोगाच्या नैसर्गिक विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण २०११ मध्ये सापडला. फार चांगलं झालं. पण त्यामुळं आता दुकानातल्या मुलांना माझ्यासारखं शरीर ठाऊक नसतं. ती मला एकतर अर्धांगवायूची समजतात नाहीतर कणा मोडलेली. मला पायात ताकद नाही, पण स्पर्श पूर्ण कळतो. टोचलं की टोचतं. हे मलाच सांगावं लागतं, म्हणून खुर्ची माझ्याशिवाय कुणी निवडू नये.

तुझ्या मित्रानं सुचवलेली निओबोल्टही मी पाहिली, त्या व्हिडिओत. मद्रास आयआयटीशी जोडलेल्या मंडळींनी केलेलं काम आहे, अभिमान वाटावा असं. खुर्चीच्या पुढं मोटारीचं चाक जोडायचं, ताशी २५ किलोमीटरपर्यंत जाते. ज्याचे खांदे धड आहेत त्यानं डोळे मिटून घ्यावी. पण घरात आल्यावर ते चाक सोडवायचं आणि हातानं खुर्ची फिरवायची. माझे हात तेवढे उरले नाहीत.

आता दारांचं. दर्शनी दाराच्या दोन पायऱ्या मिळून १४ इंच. सरकारी सुगम्यतेच्या नियमात उताराचं प्रमाण १ ला १२ आहे, म्हणजे आपल्याला १४ फूट उतार लागेल, आणि आपली गल्लीच मुळात तेवढी रुंद आहे. म्हणून पुढचं दार सोडलं. परड्याचं दार जमिनीपासून चारच इंच वर आहे. तिथं चार फुटांचा उतार, पुढं बोळ, आणि बोळातून थेट मुख्य रस्त्याला. गवंड्याला सांगून ठेवलंय. त्याला मराठी समजतं, तरी मी माझ्या मोडक्या कन्नडात "मेट्टिलु ब्याडा", पायरी नको, असं दोनदा सांगितलं, कारण परवा त्यानं सवयीनं पायरीच आखली होती.

माजघराचा उंबरा तीन इंच उंच आहे. युरोपात खुर्च्यांचे तीन वर्ग करतात, ईएन १२१८४ या मानकात. 'ए' घरातली, 'बी' घर आणि बाहेर दोन्हीची, 'सी' मुख्यतः बाहेरची. 'बी' वर्गाच्या खुर्चीनं पाच सेंटिमीटरचा अडथळा आणि सहा अंशांचा चढ पार करायला हवा. मला 'बी' हवी, 'सी' या घरात मावणार नाही. तू पाठवलेल्या माहितीत वर्ग कुठंच लिहिलेला नाही, बघ. पण 'बी' झाली तरी तीन इंच म्हणजे साडेसात सेंटिमीटर होतात. दोन्ही अंगांना तीन-तीन फुटांचा उतार केला तर माजघरात वळायला जागा राहत नाही. तेव्हा तो उंबरा काढायचा.

हे लिहायला मला दोन दिवस लागले. लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या आज्जीनं सांगितलं होतं, उंबऱ्यावर पाय देऊ नये, ओलांडावा. मी चाळीस वर्षं कॅलिपरचा पाय दोन्ही हातांनी उचलून तो ओलांडला. दर चैत्रात त्याला हळदकुंकू लावलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "काढ. लाकूड देवघराच्या खाली बसवू." तेवढ्यावर झालं. दर्शनी दाराचा उंबरा जागेवर राहील.

बॅटरीबद्दल तू लिथियमचा आग्रह धरलास. हलकी असते, खरं. पण या खुर्चीत दोन बारा व्होल्टच्या जेल बॅटऱ्या बसतात, आणि मला खुर्ची कुणी उचलणारच नाहीये. वजन खाली असलं तर उलट ती उतारावर घट्ट राहते. जेल बॅटऱ्या बेळगावात मिळू शकतात. लिथियमची ठरावीक पेटी बिघडली तर महिनाभर वाट बघत बसावं लागेल. जेलला रोज रात्री चार्जिंगला लावायचं, रिकामी पडू द्यायची नाही, बदलताना दोन्ही एकदम बदलायच्या, आणि गाडीची साधी बॅटरी तिथं कुणाला बसवू द्यायची नाही. एकदा चार्ज केली की २५ किलोमीटर जाते असं कागदावर आहे, पण ते सपाट रस्त्यावरचं. मी निम्मं धरते. गणपत गल्लीतलं वाचनालय दोन किलोमीटर असेल, कपिलेश्वर पुलाची चढण धरून. जाऊन येऊन पुरतं.

एक गोष्ट तू स्वतः दुकानदाराकडून शिकून घे, बाबांनाही शिकव. मोटार सोडवायची एक कळ असते, खुर्ची ढकलता यावी म्हणून. ती सोडली की ब्रेकही सुटतो. एरवी जॉयस्टिक सोडली की खुर्ची आपोआप जखडते, पण कळ सोडलेली असताना काहीच धरत नाही. परवा दुकानाच्या मुलानं बोळाच्या उतारावर मी बसलेली असताना ती सोडली. खुर्ची सात-आठ हात मागं गेली आणि अक्कांच्या तुळशीकट्ट्याला थांबली. मला लागलं नाही. पण उतारावर ती कळ कुणी हातात धरायची नाही, हे मी खुर्चीच्या पाठीला कागद चिकटवून लिहिणार आहे.

पावसाचं म्हणशील तर जॉयस्टिकला प्लास्टिकची टोपी शिवून घेतली आहे आणि मोठ्या सरीत मी बाहेर जाणार नाही.

बाबांचं सांगायचं राहिलं. ते मला चार वर्षं ढकलतायत. हर्नियाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वजन नको म्हणून सांगितलं, तरी ढकलतात. एकदाही कुरकुर नाही. पण ढकलणारा जिथं बघतो तिथंच बसणाऱ्याला बघावं लागतं. मी बाजारात भाजीपाशी थांबावं म्हणते तोवर खुर्ची पुढं गेलेली असते, मग "राहू दे" म्हणते. चार वर्षांत किती वेळा "राहू दे" म्हटलं ते मी मोजलं नाही. परवा बोळाच्या तोंडाशी मी आपली आपण थांबले. विणकरांच्या घरातून मागाचा आवाज येत होता. तो ऐकत पाच मिनिटं थांबले, कुणाला न विचारता. बाबा मागून चालत आले आणि शेजारी उभे राहिले. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही असे शेजारी शेजारी थांबायचो. मी कुबडीवर, ते सायकल धरून.

तर आता असं कर. त्या घडीच्या खुर्चीचे पैसे भरले असशील तर परत माग. शनिवारी कोल्हापूरचा माणूस मधल्या चाकांची खुर्ची पुन्हा आणतोय, डाव्या जॉयस्टिकची. या खेपेला ती दोन दिवस आपल्याकडं ठेवायची असं ठरवून घेतलंय. शुक्रवारी रात्रीच्या बसनं ये. सोप्यातला प्लगचा बोर्ड फार वर आहे, माझा हात पोचत नाही, तो दोन फुटांवर घ्यायला इलेक्ट्रिशियनशी तू बोल. गवंडी सोमवारी सकाळी येतो, रोहिणी लागायच्या आत त्याचं काम उरकायला हवं. उंबरा काढताना तू घरात असावास असं बाबांना वाटतं. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण मला कळतं.

सूनबाईंना आशीर्वाद, छोटीला पापा. तिच्यासाठी कुंदा आणून ठेवते.

तुझी
आई

ता. क. — येताना पुण्याहून जाड रबरी पट्टी मिळाली तर चार फूट आण. परड्याच्या उतारावर चाक घसरायला नको.