दुधाच्या पिशवीचे पन्नास पैसे

मा. संपादक,

राज्य शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली तेव्हा सगळी चर्चा बंदी आणि दंड यांभोवतीच फिरली. परंतु त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे पुनर्खरेदी किंमत छापावी आणि रिकामी पिशवी परत आणून देणाऱ्यास ती मिळावी, अशीही तरतूद होती. आमच्या घरी रोज दोन पिशव्या दूध येते, म्हणजे वर्षाला ७३० पिशव्या होतात. त्यांपैकी एकीचेही पैसे आजवर कोणत्याही दुकानदाराने मला परत दिलेले नाहीत. (५० पैशांचे नाणे कायदेशीर असूनही पुण्यात कोणी घेत नाही हे खरे, पण रक्कम महिन्याच्या बिलातून वळती करता आली असती.) सोडावॉटरच्या बाटलीसाठी अनामत ठेवलेल्या पिढीला यात नवे असे काहीच नाही.

केंद्राच्या नियमांनुसार प्लास्टिक वेष्टनाची जबाबदारी उत्पादकावर आहे खरी. मात्र ती पुनर्प्रक्रियेच्या प्रमाणपत्रांवर पार पडते आणि आमच्या गल्लीतली पिशवी कोणी उचलली, हे त्यांवरून कळत नाही. पुण्यात ती उचलतात २००८ पासून दारोदार कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक भगिनी. धुऊन वाळवलेल्या पिशवीला भंगारात भाव मिळतो. न धुतलेली पिशवी मात्र आंबते आणि सोबतची रद्दीही खराब करते. पिशवीचा कापून टाकलेला कोपरा तर कोणाच्याच हाती लागत नाही, तो झाडलोटीत किंवा गटारात जातो. पिशवीवर ५० पैसे खरोखर मिळाले असते, तर तिचा कोपरा पूर्ण न कापता ती धुऊन ठेवण्याची सवय घरोघरी लागली असती आणि जी तरीही कचऱ्यात गेली असती, तिचे पैसे वेचणाऱ्या बाईला मिळाले असते.

कचरा झाल्यावर त्याच्या प्रक्रियेसाठी निविदा काढण्यास शासन व महापालिका तत्पर असतात. तो होऊच नये यासाठीची तरतूद मात्र कागदावर राहते. वाहतुकीची अडचण सांगणेही पटत नाही, कारण पहाटे दूध आणणारा टेम्पो रिकामे क्रेट घेऊन परत जातोच. ही तरतूद आज लागू आहे की मागे घेतली आहे आणि लागू असल्यास तिची तपासणी कोण करते, याचा खुलासा पर्यावरण विभागाने करावा, ही विनंती.

– एक वाचक, कोथरूड, पुणे