आबा, ही हेलसिंकीचीच दुसरी गोष्ट

सॅन फ्रान्सिस्को,
१२ नोव्हेंबर

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की रूममेट वैतागतात, म्हणून पत्र. तब्येत उत्तम. इथलं धुकं महाबळेश्वरची आठवण करून देतं. जेवणाचं सगळं आईला सांगितलंय, तिला विचारा.

खाशाबा जाधवांची हेलसिंकी ऑलिंपिकची गोष्ट तुमच्याकडून शंभरदा ऐकली. आता एक माझ्याकडून ऐका. माझ्या खोलीपासून चालत जाण्याजोगी एक टेकडी आहे, तिच्यावर जेझुइट पाद्र्यांची युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को. १९५१ साली त्यांच्या फुटबॉल टीमनं नऊ सामने खेळले आणि नऊच्या नऊ जिंकले. इथला फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. लांबट चेंडू काखेत मारून पळायचं आणि समोरच्यानं कंबरेला मिठी घालून लोळवायचं. निम्मी कबड्डी, निम्मा कुस्तीतला दुहेरी पट. तुम्ही बघितलात तर खुर्चीतून उठून डाव सांगायला लागाल.

त्यांचा हुकमी गडी ऑली मॅटसन. त्या मोसमात चेंडू घेऊन तो १,५६६ यार्ड पळाला. देशभरातल्या कॉलेजांत त्याच्या पुढे कोणी नव्हतं. न्यूयॉर्कला फोर्डहॅमशी सामना होता. सुरुवातीचा चेंडू समोरून लाथेनं येतो, तो झेलून पठ्ठ्या थेट पलीकडच्या टोकाला, तेही एकदा नाही, दोनदा! ३२-२६ असा निसटता जिंकले. बचावात बर्ल टोलर होता. टीममध्ये कृष्णवर्णीय हे दोघेच.

मोसम संपला की चांगल्या टीमांना नववर्षाच्या सुमारास मोठ्या ‘बाउल’ सामन्यांची बोलावणी येतात. पैसाही तिथेच असतो, आणि यांचा फुटबॉल तर तोट्यात चाललेला. फ्लोरिडाच्या ऑरेंज बाउलकडून निरोप आला: या, पण ते दोघे नकोत. कोच जो कुहारिच यांनी पोरांपुढे ते ठेवलं. पोरांनी एकमुखानं नाही म्हटलं. त्यांच्यातला जीनो मार्केट्टी महायुद्धात लढून आलेला; असल्या अटी तो काय ऐकणार?

बोलावणं गेलं, पैसे गेले, आणि मोसमापाठोपाठ कॉलेजनं हा फुटबॉलच बंद केला. एकही सामना न हरलेली टीम! पाद्र्यांना मी फार दोष देत नाही, तिजोरीच रिकामी होती. तरी मला आपले राजाराम कॉलेजचे खर्डेकर सर आठवले. खाशाबांना पाठवायला त्यांनी घर गहाण टाकलं, ते.

मॅटसन, मार्केट्टी आणि त्यांच्याच टीममधला बॉब सेंट क्लेअर पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानाच्या यादीत गेले. टोलरचा गुडघा दुखावला, खेळणं संपलं. पण १९६५ साली तो एनएफएल या व्यावसायिक लीगमधला पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. आता त्या टेकडीवरच्या एका वसतिगृहाला त्याचं नाव आहे.

आता खरी गोष्ट. टीम मोडली आणि पुढच्याच जुलैत मॅटसन हेलसिंकीला गेला, धावायला. चारशे मीटरमध्ये कांस्य, रिलेत रौप्य. म्हणजे गोळेश्वरचे खाशाबा मॅटवर कांस्य मिळवत होते, त्याच ऑलिंपिकमध्ये हा मैदानात पळत होता. दोघांची भेट झाली असेल असं काही नाही. पण हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि तुम्हाला उठवून सांगावंसं वाटलं.

युनिव्हर्सिटीची टीम जिथे खेळायची ते केझर स्टेडियम पाडून आता तिथे लहान मैदान केलंय. रविवारी मी तिथल्या ट्रॅकवर पळतो. चारशे मीटरला मॅटसनला ४६.८ सेकंद लागले होते. माझा वेळ विचारू नका.

एक मात्र कळवा. खाशाबा परतले तेव्हा वडिलांच्या खांद्यावर बसून तुम्ही मिरवणूक पाहिलीत. बैलगाड्या नक्की किती होत्या? दर दिवाळीला तुमचा आकडा वाढतो, म्हणून लेखी हवाय.

आजीला नमस्कार.

तुमचा,
बाळू