उजवे कोणाचे, डावे कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला मानवी अस्थिसंस्थेवरचा लेख काल वाचला. कवटी, कणा, छातीचा पिंजरा वगैरे मिळून ८० हाडे, हातपाय आणि त्यांना धडाशी जोडणारी मिळून १२६, एकूण २०६. बेरीज बरोबर आहे, अभिनंदन. पण सोबतचे चित्र कोणी काढले, आणि छापण्याआधी त्याच्याकडे कोणी पाहिले तरी का?

चित्रातला सांगाडा आपल्याकडे तोंड करून उभा आहे. त्याचा जो हात आपल्या उजवीकडे येतो, त्याखाली 'उजवा हात' असे छापले आहे. तो त्याचा डावा हात आहे हो! शरीरशास्त्रात उजवे-डावे शरीराचे असते, बघणाऱ्याचे नसते. हा धडा मी वर्गात तक्त्याकडे तोंड न करता तक्त्याला पाठ लावून शिकवत असे, म्हणजे माझा उजवा हात तक्त्यातल्या माणसाच्या उजव्या हातावर यायचा. (आमच्या तक्त्याची खालची पट्टी वाळवीने खाल्ली होती, त्यात दोन्ही पावले गेली. एका पावलात २६ हाडे. 'मग या माणसात किती उरली?' हे गणित मी दरवर्षी घालत असे. उत्तर १५४. निम्मी मुले १८० सांगायची, एकच पाय धरून.)

एवढ्याने मी पत्र लिहिले नसते. पण उजव्या-डाव्याचा घोळ आमच्या घरी साडेतीनशे रुपयांना पडलेला आहे.

दोन वर्षांपूर्वी, श्रावणात, आई न्हाणीच्या दारात घसरली आणि हात टेकून पडली. डावे मनगट सुजून पालथ्या काट्याच्या चमच्यासारखे वाकले. त्याला हातभर रुमाल गुंडाळून मी तिला एका दवाखान्यात नेले. मी खिडकीपाशी केसपेपर करत होते, तेवढ्यात क्ष-किरणाच्या खोलीतला मुलगा तिला आत घेऊन गेला. आई कण्हत म्हणाली, "बळच न्हाई रे हातात." त्याने विचारले, "बलगै एन्री?" तिने होकारार्थी मान हलवली. कन्नडमध्ये बल म्हणजे शक्ती आणि बल म्हणजे उजवेही. बलगै म्हणजे उजवा हात, एडगै म्हणजे डावा. झाले, धडधाकट उजव्या हाताची फिल्म निघाली. रुमाल कोणत्या हाताला आहे हे पाहायची तसदी कोणी घेतली नाही. डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, काही झालेले नाही. आई म्हणाली, "मग ह्यो काय हाय?" आणि डावा हात पुढे केला.

दुसऱ्या फिल्मचे पैसे पुन्हा भरावे लागले. त्या मुलाचा मला राग नाही, कन्नडचा तर नाहीच. बाजारापुरते मलाही येते, आणि मी खिडकीपाशी नसते तर हे झालेही नसते. राग आहे तो कागदाचा. त्या कागदावर बाजू लिहायला एक रकाना होता आणि तो कोराच होता.

रिपोर्टावर 'डिस्टल एंड रेडियस' असे आले. आईने विचारले, "डिस्टल म्हंजे काय गं, वाईट हाय काय?" मी सांगितले, डिस्टल म्हणजे धडापासून लांबचे टोक, प्रॉक्झिमल म्हणजे जवळचे. म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंत जी दोन हाडे जातात, त्यातल्या रेडियसचे कोपराकडचे नव्हे, मनगटाकडचे टोक मोडले आहे. "मग मनगटाजवळ म्हणा की." बाईसाहेबांचे म्हणणे बरोबर, पण मनगटात स्वतःची आठ छोटी हाडे असतात, ती सगळी शाबूत होती. हात टेकून पडलेल्या माणसाचे रेडियस हे असेच मोडते. १८१४ मध्ये अब्राहम कोलिस या आयरिश शल्यविशारदाने त्याचे वर्णन केले, म्हणून डॉक्टर त्याला अजून कोलिसचेच नाव देतात. तेव्हा क्ष-किरण नव्हते, आणि तरी त्याला कोणता हात ते कळत असावे.

आता चित्रातली दुसरी चूक. तिथे रेडियसचा बाण करंगळीच्या बाजूच्या हाडाला लावला आहे. रेडियस अंगठ्याच्या बाजूला, अल्ना करंगळीच्या. तुमच्या चित्रकाराने सांगाड्याचे तळवे मागे वळवले आणि हाडे मात्र समांतर काढली, तिथे सगळे फसले. म्हणूनच शरीरशास्त्रात उभे राहायची एक ठरलेली रीत आहे. सरळ उभे, तोंड समोर, हात बाजूला, तळवे पुढे, खिसे रिकामे आहेत असे दाखवल्यासारखे. खोटे वाटत असेल तर आजच्याच अंकावर कोपर टेकवा, तळवा छताकडे करा. दोन्ही हाडे शेजारी-शेजारी आहेत. आता तळवा पालथा करा. कोपराचे टोक जागचे हलले नाही, ते अल्नाचे. रेडियस मात्र तिच्यावरून आडवे गेले, अंगठ्याला घेऊन.

लेखातले 'बाळ २०६ हाडांनिशी जन्माला येते' हे वाक्यही तेवढे पाहून घ्या. बाळाची हाडे तीनशेच्या आसपास असतात, पुढे जुळत जातात. कंबरेखालचे पाच मणके मोठेपणी एक त्रिकास्थी होतात. आणि 'माकडहाड' म्हणजे संपूर्ण कणा नव्हे, कण्याचे अगदी शेवटचे टोक. जिन्यावरून घसरून त्याच्यावर आपटलेला माणूस हे कधी विसरत नाही.

शेजारच्या आठवीतल्या मुलाने तुमचे चित्र कापून प्रकल्पाच्या वहीत चिकटवले. डिंक ओला होता म्हणून निघाले, पण खालच्या पानाचा कोपरा घेऊन निघाले, आणि आता त्याच्या आईचा माझ्यावर राग. 'पेपरात छापलंय बाई, तुम्हीच काय ते शहाण्या?' म्हणाली. दुरुस्ती छापणार असाल तर चित्रासह, त्याच आकारात छापा. मागच्या वेळेसारखी शेवटच्या पानावर, लग्नाच्या जाहिरातींखाली दोन ओळींत नको. आणि रविवारची पुरवणी आमच्या खानापूर तालुक्यात सोमवारच्या अंकात घुसडून येते, कधी येतच नाही, हे वितरण विभागाला कोणी सांगेल का? बिल मात्र महिन्याच्या एक तारखेला दाराशी हजर असते.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
ता. खानापूर, जि. बेळगाव